मेलेले सगळे इकडे या

आजवर पाहिलेल्या चित्रपटांतला सगळ्यात आवडता कोणता, असं कुणी विचारलं की मी एखादं मानाचं नाव सांगून मोकळी होते. विचारणाराही मान डोलावतो आणि विषय संपतो. खरं उत्तर द्यायचं तर मला एका वाईट चित्रपटाबद्दल बोलावं लागेल. मूकपटांच्या काळातला तो, किल्ल्याची आणि लढाईची गोष्ट सांगणारा. त्यातला किल्ल्याचा दरवाजा कापडाचा होता आणि वारा सुटला की फुगायचा. नायक घोड्यावर बसला की दोघांत घोडाच जास्त समजूतदार वाटे. नायिकेला दुःख झालं की ती न चुकता उजवा हात कपाळाला लावी, आणि दुःख तर तिला सारखंच होई. शेवटाला तर एक अशी ढोबळ चूक होती की आजचा शाळकरी पोरगाही हसेल. तरी तो चित्रपट मी लोणावळ्याच्या तंबूत इतक्यांदा पाहिला आहे की त्यातलं कोण कुठून येतं आणि कुठे जातं, हे मी अजूनही डोळे मिटून सांगेन.

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले तेव्हा घरात आम्ही चौघंच. सासूबाई, हे, माझे धाकटे दीर आणि मी. हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. सासूबाई लवकर विधवा झालेल्या. दोन मुलगे त्यांनी एकटीने वाढवले होते आणि त्यामुळे बोलणं मोजकं, शिस्त कडक. सिनेमाचं नाव काढलं की म्हणायच्या, "अंधारात बसून सावल्या बघायच्या, त्यात कसली करमणूक?" ह्यांना मात्र नाद होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला तंबूत नेलं, आणि मग मलाही तो नाद लागला.

भाऊजी, म्हणजे माझे दीर, शाळा संपवून नोकरीच्या शोधात होते. शोधात कमी आणि नकला करण्यात जास्त. गार्डसाहेबांची शिट्टी, स्टेशनमास्तरांचा खोकला, देवळातल्या गुरवाची चाल, सगळं त्यांना हुबेहूब येई. सासूबाईंचीही नक्कल करायचे, त्यांच्याच समोर. त्या रागावायच्या, पण रागावताना पदर तोंडावर धरायच्या. का, ते आम्हांला ठाऊक होतं.

एका हिवाळ्यात, भाताची झोडणी उरकल्यावर, एका सिनेमा कंपनीने कार्ल्याला तळ टाकला. लढाईसाठी त्यांना मावळे हवे होते. गावातल्या पुरुषांना तेव्हा फारसं काम नव्हतं, ते हौसेने गेले. लोणावळ्याहून आमचे भाऊजीही सायकलवरून जायला लागले. घरी सांगितलं, तळेगावला नोकरीचं बघायला जातो. एके दिवशी ते गालावर काळा रंग तसाच ठेवून परतले आणि बिंग फुटलं.

"तोंडाला रंग फासून नाचणार?" सासूबाई म्हणाल्या.

"नाचायचं नाही गं आई. मरायचं आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी मला मागच्या अंगणात आपलं मरण करून दाखवलं. पेरूच्या झाडाखाली उभे राहून म्हणाले, "बाण इथे लागतो वहिनी, छातीत. बाकीचे लागला की धपकन पडतात. मी तसा पडत नाही. मी एक पाऊल पुढे टाकतो, हात असा वर नेतो, जणू कुणाला तरी थांब म्हणतोय. आणि मग." मग ते खरंच पडले. इतके छान पडले की मी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई निरांजन घेऊन दारात आल्या. "ऊठ आधी. दिवेलागणीला मेल्याचं सोंग करतात का?"

भाऊजी उठले नाहीत. श्वास रोखून पडून राहिले. त्या पुन्हा म्हणाल्या, "ऊठ म्हणते ना." तरी हालचाल नाही. मग त्यांनी हाक मारली, नुसतं नाव घेतलं, आणि त्या आवाजात असं काही होतं की माझ्या टाळ्या हातातच राहिल्या. तेव्हा कुठे भाऊजी हसत उठून बसले. सासूबाईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढच्या भाद्रपदात भाऊजी विषमज्वराने गेले. आठवडाभर ताप उतरला नाही. आधी भ्रमात खूप बडबडले, मग शेवटी शेवटी एक शब्दही नाही. सासूबाई उशाशी बसून होत्या. ते गेल्यावर त्या रडल्या नाहीत. शेजारणी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला रडू दे गं, नाहीतर वेड लागेल." पण रडू दे म्हणजे मी काय करणार? त्यांनी भाऊजींचे कपडे वाटून टाकले, पुस्तकं शाळेत दिली. फक्त सायकल राहिली, मागच्या भिंतीला टेकून. तिला हात लावायचं धाडस कुणालाच झालं नाही. घरात त्यांचं नाव निघेना.

चित्रपट आला तो त्यानंतरच्या थंडीत. रंगवलेल्या पाट्या लावलेला छकडा ढोलकी वाजवत बाजारातून फिरला. ह्यांनी तो छकडा पाहिला होता, पण घरी बोलले नाहीत. मीही पाहिला होता आणि मीही बोलले नाही. सांगितलं ते कार्ल्याच्या एका शेतकऱ्याने. तो दरवर्षी आमच्याकडे नवं भात घालायचा आणि भाऊजींबरोबर त्या लढाईत मावळा झाला होता. पोतं ओसरीवर टेकवून तो भोळेपणाने म्हणाला, "मावशी, आमचा शिनेमा आलाय तंबूत. धाकटं भाऊ हायती त्यात."

सासूबाई पोत्याचं तोंड बघत होत्या. दाणे हातावर घेऊन त्यांनी फुंकर मारली. मग विचारलं, "दिसतो का तो?"

"दिसतो म्हंजी? ह्यो असा समोर."

"चालता-बोलता?"

"चालता. बोलत न्हाई. त्यात कुनीच बोलत न्हाई मावशी."

दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावरच्या पहिल्या खेळाला आम्ही गेलो. ह्यांनी खूप समजावून पाहिलं. सासूबाईंनी धाबळी अंगावर घेतली आणि दारात उभ्या राहिल्या.

तंबूत बायकांची बाजू कनातीने वेगळी केलेली असे. खाली सतरंजी. पुढे पेटीवाला आणि तबलजी. पडद्यावर अक्षरं आली की एक माणूस काठी टेकून ती मोठ्याने वाचून दाखवी, कारण निम्म्यांना वाचता येत नसे. मागे मशीनवाला दांडा फिरवीत उभा. सासूबाई पहिल्यांदाच सिनेमा बघत होत्या. कापडी दरवाजा फुगला तेव्हा लोक हसले, त्या हसल्या नाहीत. नायिकेने कपाळाला हात लावला, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या पडद्याच्या कडा धुंडाळत होत्या.

लढाई सुरू झाली. भाऊजींना आधी मी पाहिलं, डोंगराच्या उतारावरून धावत येताना. पागोटं, गुडघ्यापर्यंत चोळणा, हातात लाकडी तलवार. ते आमच्याकडेच धावत येत होते. मग बाण लागला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. हात वर केला, थांब म्हटल्यासारखा. आणि पडले. अगदी पेरूच्या झाडाखाली पडले होते तसे. पुढून नायकाचा घोडा गेला आणि पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या झाल्या. कनातीच्या फटीतून मला पुरुषांत बसलेले हे दिसले. हे उठले आणि लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेले.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्या पडद्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ. ऊठ आधी."

रीळ बदलायला दिवा लागला. मी म्हटलं, "चला, जाऊ या घरी."

"संपलं का?"

"नाही, एक रीळ आहे अजून."

"मग बस."

शेवटच्या रिळात विजयाची मिरवणूक होती. ताशे, निशाण, नायक-नायिका पालखीशेजारी, मागे मावळ्यांची गर्दी. आणि त्या गर्दीत भाऊजी चालत होते. छातीत बाण लागून मेलेले भाऊजी भाला खांद्यावर टाकून मजेत चालत होते. पागोटं सुटत आलेलं, ते एका हाताने सावरलेलं. जवळ आल्यावर त्यांनी सरळ आमच्याकडे पाहिलं, शेजारच्याला काहीतरी म्हणाले आणि हसले. मग पडद्याच्या कडेला गेले आणि दिसेनासे झाले.

तंबूत कुणाच्याही काही लक्षात आलं नव्हतं. मेलेला मावळा मिरवणुकीत दिसला, हे लक्षात यायला त्याचा चेहरा ओळखीचा असावा लागतो. सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. त्यावर त्यांची बोटं उमटली होती.

घरी हे ओसरीवर अंधारात बसले होते. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "उठला तो."

"आई, तो सिनेमा आहे."

"मला माहीत आहे सिनेमा आहे. मी काय वेडी आहे? पण तो उठला. तू थांबला नाहीस."

ह्यांना ते खरं वाटलं नाही. आईच्या डोक्यावर परिणाम झाला आणि बायको तिला दुजोरा देते, असं त्यांना वाटलं. ते पुन्हा कधी तो चित्रपट बघायला आले नाहीत. आम्ही दोघी मात्र तंबू हलेपर्यंत रोज गेलो. लढाईच्या वेळी त्या माझं मनगट धरायच्या आणि मिरवणुकीत सोडायच्या. रोज ते मरत आणि रोज उठून येत. रोज तेच पागोटं, तेच हसणं, आणि तेच न ऐकू येणारं बोलणं. मला त्या ओठांची भीती वाटायला लागली.

घरीही काहीतरी बदललं. सासूबाई भाऊजींबद्दल बोलू लागल्या, पण 'होता' म्हणत नसत, 'आहे' म्हणत. "त्याला अळूची भाजी आवडते, आज करू." मागच्या दाराची कडी मी लावली की त्या काढून ठेवायच्या. शूटिंगच्या दिवसांत भाऊजी सायकल घेऊन त्याच दाराने यायचे. खोटं कशाला सांगू, मलाही तिन्हीसांजेला वाळूवरून सायकल आल्याचा आवाज यायचा. भिंतीला टेकलेल्या त्या सायकलचं पुढचं चाक वाऱ्याने थोडं थोडं फिरे. वाऱ्यानेच फिरे, हे मला कळत होतं. तरी अंधार पडल्यावर मी अंगणात जाणं टाळू लागले.

ती चूक कशी झाली असेल, हे विचारल्यावाचून मला राहवेना. भाताचं राहिलेलं पोतं घेऊन तो कार्ल्याचा शेतकरी आला तेव्हा मी त्याला विचारलं.

"आवं वहिनी, ती गंमतच झाली," तो म्हणाला. "लडाई आदी झाली, मिरवनूक मागनं. मिरवनुकीला मानसं कमी पडली. निम्मी आमी तर मेलेलो, आमाला घरी जा म्हनलेलं. आमी झाडाखाली भाकरी खात बसलतो. तवा त्यो कंपनीचा सायब कर्णा घिऊन वरडला, 'मेलेले सगळे इकडे या!' मंग आमी समदे मेलेले उटलो आन् चाललो मिरवनुकीत. धाकटं भाऊ लय हसलं. म्हनलं, बगा, मरून बी काम चुकत न्हाई."

"हेच म्हणाले का ते? चालताना, हसून?"

"तवा का आदी, त्ये काय ध्यानात न्हाई आता." त्याने पोत्याची दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "परवा तंबूत बगताना मला मातुर कसंतरीच झालं. आमी शेजारी शेजारी पडलतो मरून. दोगं बी उटलो. आन् आता मी हितं भात घालतोय."

मी हे सासूबाईंना सांगितलं. मनात होतं की उलगडा झाला की त्यांच्यावरचं गारूड उतरेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मेलेले सगळे इकडे या," त्या सावकाश म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे असं कुणीतरी बोलवावं लागतं तर."

तंबू गेला. पुढे काही वर्षं तो चित्रपट मावळात इकडेतिकडे फिरत राहिला. तळेगावला लागला तेव्हा आम्ही आगगाडीने गेलो, एका जत्रेत लागला तेव्हा बैलगाडीने. दर वेळी तो थोडा आणखी झिजलेला असे. पडद्यावर उभे ओरखडे पडायचे, जणू त्या लढाईत पाऊस लागला आहे. कुठे तुकडे निघून गेले होते, माणसं जागच्या जागी उडी मारल्यासारखी हलत. एकदा तर भाऊजी हात वर करायच्या आधीच खाली पडलेले दिसले. पण मिरवणूक शाबूत होती. मग कुठेच लागेनासा झाला.

तोवर बोलपट आले. लोणावळ्यात पत्र्याच्या छपराचं पक्कं थिएटर झालं आणि आम्ही दोघी तिथल्या नेमाच्या प्रेक्षक झालो. होय, सासूबाईसुद्धा. ज्या बाईला सावल्या बघणं पसंत नव्हतं, ती आता नवा खेळ लागला की दुपारची भांडी लवकर आवरायची. आमची मतं मात्र कधी जुळली नाहीत. मला बोलपट आवडले. गाणी आवडली, झोकदार संवाद आवडले, घरी येऊन मी ते म्हणूनही बघायची. सासूबाई म्हणायच्या, सगळे बोलतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

मरण्याच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे. एका गाजलेल्या चित्रपटात नायिका अंथरुणावर पडून लांबलचक गाणं म्हणते आणि मान टाकते. सगळं थिएटर रडत होतं, मीही. सासूबाई म्हणाल्या, "हिला ताप नाही." दुसऱ्या एकात म्हातारा बाप मुलाला उपदेश करत प्राण सोडतो. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मरताना माणूस इतकं बोलत नाही. बोलायचं ते आधीच बोलून झालेलं असतं, आणि तेव्हा आपलं लक्ष नसतं." पुढे आळीतल्या बायका नवा चित्रपट बघायच्या आधी आमच्या ओसरीवर येऊन विचारायला लागल्या, "आजी, बघण्यासारखा आहे का हो?" त्या सांगायच्या ते खरं निघायचं.

लोणावळ्याचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की बोलपटातलं एक अक्षर ऐकू येत नसे. लोक ओरडायचे, मालक हात जोडायचा. सासूबाई तेवढ्या खूश. म्हणायच्या, "आता कळेल कोण खरं काम करतंय." आणि खरोखर कळायचं. आवाज गेला की काही मोठमोठे नट पडद्यावरून पुसल्यासारखे व्हायचे, नुसती तोंडं हलायची. आणि एखादी मोलकरणीचं काम करणारी, नाव नसलेली बाई तेवढी उरायची. ही कसोटी मी अजूनही लावते.

मग लढाईचा काळ आला, खऱ्या लढाईचा. कच्ची फिल्म मिळत नाही, कंपन्या काटकसर करताहेत, असं लोक बोलत होते. त्या दिवसांत एक नवा बोलपट लागला. गोष्ट तीच, किल्ल्याची. नट नवे, गाणी नवी, नायिका फारच देखणी. सासूबाईंना आता मोतीबिंदूमुळे कमी दिसत होतं, तरी म्हणाल्या, "जाऊ या. नवीन कसा करतात बघू." रविवारच्या दुपारच्या खेळाला गेलो. आमच्या मनात दुसरं काही नव्हतं.

दरवाजा ह्या खेपेला लाकडाचा होता. संवाद खणखणीत होते. मी मनात म्हटलं, हा चांगला चित्रपट आहे. आणि लढाई सुरू झाली तेव्हा पडदा एकाएकी करडा, ओरखड्यांचा झाला. कंपनीने नव्या लढाईचा खर्च वाचवला होता. जुन्या चित्रपटातली लढाई कापून इथे जोडली होती.

डोंगराच्या उतारावरून भाऊजी धावत आले.

नव्या मशीनवर जुनी फिल्म भरभर पळत होती, त्यामुळे ते घाईने धावले. बाण घाईने लागला. त्यांनी घाईने एक पाऊल टाकलं, घाईने हात वर केला. आणि ते ओरडले. कुठल्या तरी परक्या माणसाच्या जाड, घोगऱ्या आवाजात मोठी किंकाळी फोडून ते पडले.

सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर होता. "हा कुणाचा आवाज आहे?" त्यांनी विचारलं. "त्याच्या तोंडातून कोण ओरडलं?"

त्या उठल्या नाहीत. बसून राहिल्या. मला कळलं, त्या मिरवणुकीची वाट बघताहेत. मीही बघत होते.

मिरवणूक आली. स्वच्छ, झगमगीत, नव्याने घेतलेली. एकसारखी पागोटी घातलेले तरुण एकसारखी पावलं टाकत होते आणि गात होते. सासूबाई पुढे वाकल्या. त्यांच्या अधू डोळ्यांनी त्या एकेक चेहरा शोधत होत्या. "कुठे आहे गं? मला दिसत नाही. तुला दिसतो का?" मागच्या बाईने गप्प बसायला सांगितलं. गाणं संपलं, दिवे लागले, लोक उठले. माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

"आला नाही," त्या म्हणाल्या.

दारात मालक उभा होता. आम्हांला चांगलं ओळखायचा. सासूबाईंनी त्याला विचारलं, "जुन्या चित्रातली मिरवणूक का काढली?"

तो सभ्यपणे म्हणाला, "आजी, त्यात चुका फार होत्या. लढाईत मेलेले लोकच मिरवणुकीत दिसायचे. हा सगळा नीट केलेला आहे."

"नीट केलेला," सासूबाई म्हणाल्या. आणि पायऱ्या उतरल्या.

घरी आल्यावर सासूबाई आत आल्या नाहीत. मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर उभ्या राहून म्हणाल्या, "सूनबाई, पाणी काढ. डोक्यावरून घ्यायचं आहे."

परगावाहून कुणी गेल्याची वार्ता आली की घेतात, तशी ती आंघोळ होती. मी पाणी तापवलं. त्यांनी लुगड्यासकट डोक्यावरून तांब्ये ओतून घेतले, आणि तिसऱ्या की चौथ्या तांब्याला त्यांच्या गळ्यातून आवाज फुटला. इतक्या वर्षांचं रडणं ते. माझ्याच्याने ऐकवेना. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी नंतर राहायला आलेल्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. एकीने घाबरून विचारलं, "कोण गेलं हो?"

हे मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "माझा भाऊ."

त्या बाईने पुढे काही विचारलं नाही. ओल्या दगडावर सासूबाईंना टेकून बसली आणि त्यांची पाठ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना ह्यांनी मान वर न करता मला विचारलं, "जुन्यात तो शेवटी खरंच यायचा?"

"हो."

"हसायचा?"

"हसायचे. आपल्याकडे बघून."

ते टोपी घालून कामावर निघाले. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "डोक्याला काय होतं त्याच्या?"

"पागोटं. सुटत आलेलं. एका हाताने धरून चालायचे."

"त्याला बांधताच यायचं नाही," हे म्हणाले, आणि हसले, आणि तसेच बराच वेळ दारात उभे राहिले.

त्यानंतर सासूबाई थिएटरात आल्या नाहीत. डोळेही गेलेच होते. पण मला अडवत नसत. "तू जाऊन ये आणि मला सांग," म्हणायच्या. मी येऊन गोष्ट सांगायला लागले की हात हलवून थांबवायच्या. गोष्ट त्यांना नको असे. "गर्दी होती का त्यात?" त्या विचारायच्या. "बाजार, जत्रा, लग्न? मग कोण कोण होतं?" त्यामुळे मला गर्दी बघून यावी लागे. तिथल्या एका म्हातारीने पिशवी कशी धरली होती, कोण कॅमेऱ्याकडे चोरून बघत होतं, कुणाला उन्हाचा त्रास होत होता. असं सांगितलं की त्या शांतपणे ऐकत पडून राहायच्या. अशीच एक जत्रा ऐकताना त्यांचा डोळा लागला होता, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मरताना काही बोलल्या नाहीत.

आता मी एकटीच जाते. हल्लीचे चित्रपट चांगले असतात, आवाज स्वच्छ असतो, प्रकाश सुरेख असतो. पण बाहेर आल्यावर नायकाने काय केलं हे मला धड सांगता येत नाही. माझे डोळे मागच्या माणसांवरच असतात. ही सगळी कुठली? घरी सांगून आली होती का? आज ह्यांतलं कोण कोण उरलं असेल? परवाच एका नव्या चित्रपटात नदीकाठचं एक गाणं होतं. नायिका होडीत गात होती, आणि मागे घाटावर नऊवारी नेसलेली एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मूल रडत होतं, ती त्याला उगी करत होती. गाण्यात त्याचा आवाज नव्हता. शेजारच्या मुलीने मला विचारलं, "काकू, हिरॉइनची साडी बघितली का?" मी हो म्हटलं.